पत्र्याच्या ट्रंकांत वाचलेलं शहर

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात, राजधानी बामाकोहून टिंबक्टूला विमानाने दोनशेहून अधिक पेट्या गेल्या. वजन सुमारे साडेपाच टन. पेट्यांत जुनी हस्तलिखितं होती. तेरा वर्षांपूर्वी शहर सशस्त्र गटांच्या ताब्यात असताना ती तिथून गुपचूप बाहेर काढली होती, आणि आता ती घरी परतत होती. शेकडो किलोमीटरचा धोक्याचा प्रवास, पैसा, माणसांचे जीव टांगणीला, आणि हे सगळं कागदांसाठी? बातमी वाचून अनेकांना हा प्रश्न पडला असेल.

‘कट्टरतेला कलेने उत्तर द्या’ हे वाक्य आपण उद्घाटनाच्या भाषणांत नेहमी ऐकतो. ते उत्तर प्रत्यक्षात कसं दिलं जातं, कोण देतं, त्याला किती खर्च आणि किती खटपट लागते, ते कुठे फसतं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. टिंबक्टूत ते सगळं नीट दिसतं.

## कट्टर कुणाला म्हणायचं?

एखादा माणूस गाणं ऐकत नाही, कडक उपास करतो, सोवळं पाळतो. तो कर्मठ असेल, पण तेवढ्याने कट्टर ठरत नाही. ‘माझीच वाट खरी’ याला ‘आणि तुझी वाट मी चालू देणार नाही’ हे जोडलं गेलं, आणि ते अमलात आणायला बळ वापरायची तयारी झाली, की कट्टरता सुरू होते. या लेखात शब्द एवढ्याच अर्थाने घेतला आहे. तो कोणत्याही धर्माला, जातीला, पक्षाला लागू होतो.

अशा विचाराला एक गोष्ट फार अडचणीची असते, ती म्हणजे भूतकाळ. समजा, घरातला एक काका ठासून सांगतो, ‘आपल्या घराण्यात बायका कधी घराबाहेर काम करत नव्हत्या.’ मग आजीच्या पेटीतून एक जुना फोटो निघतो आणि त्यात पणजी शाळेत मुलांना शिकवताना दिसते. फोटो काकाशी वाद घालत नाही, तो नुसता असतो. काकापुढे दोनच पर्याय उरतात: म्हणणं बदलायचं, किंवा फोटो नाहीसा करायचा.

जुन्या पोथ्या, जुनी थडगी, पिढीजात गाणी म्हणजे अख्ख्या समाजाच्या पेटीतले असे फोटो. ‘पूर्वी सगळं एकाच रीतीचं होतं’ हा दावा त्यांच्यासमोर टिकत नाही, म्हणून त्यांच्यावर हात पडतो.

## टिंबक्टूत काय झालं?

२०१२ च्या सुरुवातीला मालीच्या उत्तरेत वाळवंटातल्या तुआरेग जमातीच्या बंडखोरांनी उठाव केला. मार्चमध्ये राजधानीत लष्कराने सत्ता उलथवली, आणि त्या गोंधळात एप्रिलच्या सुरुवातीला टिंबक्टू पडलं. थोड्याच दिवसांत शहरावरची पकड बंडखोरांकडून ‘अन्सार दीन’ हा जिहादी गट आणि अल कायदाची उत्तर आफ्रिकी शाखा यांच्याकडे गेली. नवे नियम आले. सिगारेट बंद, गाणं बंद, बायकांच्या कपड्यांवर पहारा. हे नियम राबवायला ‘हिस्बा’ नावाचं पथक नेमलं गेलं. हिस्बा म्हणजे लोकांच्या आचरणावर नजर ठेवणारे शिपाई.

जूनच्या अखेरीस युनेस्कोने टिंबक्टूचं नाव धोक्यातल्या जागतिक वारशाच्या यादीत घातलं. दोनच दिवसांनी कुदळी आणि पहारी घेऊन माणसं सूफी संतांच्या थडग्यांवर चालून गेली. एकूण १४ थडगी पाडली गेली. २ जुलैला सिदी याह्या मशिदीचा एक दरवाजा फोडला. हा दरवाजा जगाच्या अंतापर्यंत उघडायचा नाही, अशी गावाची समजूत होती. ती अंधश्रद्धा आहे हे दाखवण्यासाठी तो मुद्दाम तोडला.

या तोडफोडीवर देखरेख करणारा अहमद अल फकी अल महदी हा हिस्बाचा प्रमुख होता. तो परका नव्हता. टिंबक्टूच्याच परिसरातला, धर्माचा अभ्यास केलेला माणूस. त्याच्या खटल्यात पुढे आलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. थडगी पाडू नयेत, लोक दुखावतील, असा सल्ला आधी त्यानेच दिला होता. वरून हुकूम आल्यावर मात्र त्याने शुक्रवारच्या प्रवचनाचा मजकूर लिहिला आणि पहारी वाटल्या. म्हणजे या गोष्टी लोकांच्या मनात किती खोल आहेत हे पाडणाऱ्यालाही ठाऊक होतं.

हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. २७ सप्टेंबर २०१६ रोजी त्याला दहा वास्तूंवरच्या हल्ल्यांसाठी नऊ वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्यातली दोन वर्षं कमी करण्यात आली. केवळ सांस्कृतिक वास्तू पाडल्याबद्दल या न्यायालयाने दिलेली ही पहिली शिक्षा. २०१७ मध्ये न्यायालयाने भरपाईची रक्कम ठरवली, २७ लाख युरो. त्यात थडग्यांची पिढ्यान्‌पिढ्या देखभाल करणाऱ्या घराण्यांचा आणि संतांच्या वंशजांचा वेगळा विचार झाला, आणि सगळ्या गावाला झालेला मानसिक त्रासही धरला गेला.

## मुसलमानांनीच मुसलमान संतांची थडगी का फोडली?

हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर कळलं की ‘ही दोन धर्मांची लढाई आहे’ हा गैरसमज गळून पडतो.

टिंबक्टूला ‘३३३ संतांचं शहर’ म्हणतात. लोक थडग्यांवर जातात, पाऊस मागतात, लग्नाआधी आशीर्वाद घेतात. आपल्याकडच्या दर्ग्यावरचा उरूस किंवा एखाद्या संताची समाधी डोळ्यांपुढे आणली तर हे परकं वाटणार नाही. अन्सार दीनच्या मते देव आणि माणूस यांच्यामध्ये संताला आणणं हेच पाप होतं. वाद एकाच धर्माच्या पोटात होता. एका बाजूला शेकडो वर्षांची जगण्याची रीत, दुसऱ्या बाजूला बंदूक हाती घेतलेलं एकच भाष्य.

पोथ्यांचंही तसंच. त्यांतला मोठा भाग धर्माचाच आहे: कुराणाच्या प्रती, मालिकी पंथाचं न्यायशास्त्र, प्रार्थना. त्यांच्या जोडीला व्याकरण, खगोल, औषधं, कविता, मिठाचे आणि गुलामांचे व्यवहार, वारशाचे वाद. बरंचसं लेखन अरबी भाषेत आहे. काही ‘अजमी’त आहे. अजमी म्हणजे लिपी अरबी आणि भाषा स्थानिक, जशी सोंघाय किंवा फुलानी. गोव्यात कोंकणी रोमन लिपीतही लिहिली जाते, त्यातलाच प्रकार.

पानांच्या कडांना टिपा आहेत. एका पंडिताने एक निर्णय दिला, पन्नास वर्षांनी दुसऱ्याने समासात लिहिलं की मला हे पटत नाही, तिसऱ्याने दोघांना दुरुस्त केलं. ‘धर्म काय म्हणतो’ याचं एकच उत्तर असतं असं ज्याला सांगायचं आहे, त्याला हे समास अजिबात परवडत नाहीत.

## पोथ्या बाहेर कशा काढल्या?

टिंबक्टूच्या घराण्यांना लपवाछपवीची जुनी सवय होती. १५९१ मध्ये मोरोक्कोच्या फौजांनी सोंघाय साम्राज्य मोडलं, आणि पुढच्या काही वर्षांत विद्वानांना पकडून मराकेशला नेलं. त्यांत टिंबक्टूचे नामांकित पंडित अहमद बाबा होते. आपले १,६०० ग्रंथ गेले आणि आपल्या नातलगांत आपलाच संग्रह सर्वांत लहान होता, असं त्यांनी सांगितल्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच आले, तेव्हा पुन्हा पोथ्या पेट्यांत, भिंतींआड, वाळूखाली गेल्या. ग्रंथसंग्रह घराण्यांत विखुरलेले राहिले ते या भीतीपोटी. २०१२ मध्ये तीच विखुरणी कामी आली.

अब्देल कादर हैदरा हे अशाच एका घराण्याचे. खासगी संग्राहकांची ‘सावामा’ ही संघटना त्यांनी आधीच उभी केली होती. शहरात ग्रंथालयांच्या इमारती नव्या झाल्या होत्या, ठळक फलक लागले होते. तेवढ्यामुळेच त्या लुटीला आणि झडतीला सोप्या होत्या. म्हणून पहिलं काम ठरलं ते इमारती रिकाम्या करण्याचं. बाजारातून पत्र्याच्या ट्रंका घेतल्या, सगळ्या एका दुकानातून नाही, थोड्या थोड्या. रात्री ग्रंथालयात बसून टॉर्चच्या उजेडात पोथ्या भरायच्या, कुलूप घालायचं, गाढवाच्या गाडीवरून नात्यागोत्यातल्या घरांत पोहोचवायच्या.

पुढचा टप्पा बामाकोचा, सुमारे हजार किलोमीटर. गाडीत एका वेळी मोजक्याच ट्रंका, सोबत शक्यतो घराण्यातला तरुण, वाटेत ठरावीक ठिकाणांहून फोन. अडचणी दोन्ही बाजूंनी होत्या. उत्तरेत हिस्बाचे पहारे, आणि दक्षिणेत शिरल्यावर मालीच्याच सैन्याचे नाके, जिथे कुलूपबंद ट्रंक म्हणजे शस्त्रांचा संशय. जानेवारी २०१३ मध्ये फ्रेंच फौजा उतरल्या आणि रस्ते बंद झाले, तेव्हा उरलेल्या ट्रंका नायजर नदीतून होड्यांनी दक्षिणेकडे गेल्या.

किती वाचवलं? वाहून नेणाऱ्यांचा आकडा साडेतीन लाखांच्या पुढचा आहे. काही अभ्यासकांना तो फुगलेला वाटतो, कारण एका पानाची पावती आणि चारशे पानांचा ग्रंथ दोन्ही ‘एक हस्तलिखित’ म्हणून मोजले जातात. ही शंका रास्त आहे. मदतीचा पैसा आकड्यांवर मिळतो, त्यामुळे आकडे फुगण्याचा धोका अशा प्रत्येक कामात असतो. पण ट्रंका आल्या, पोथ्या आज बामाकोत आणि टिंबक्टूत पाहता येतात, यात वाद नाही.

जे वाचलं नाही तेही सांगायला हवं. पळून जाण्यापूर्वी अतिरेक्यांनी सरकारी अहमद बाबा संस्थेच्या नव्या इमारतीत आग लावली. सुमारे ४,२०० हस्तलिखितं जळाली किंवा गायब झाली. त्याच इमारतीच्या तळघरातल्या हजारो पोथ्यांकडे मात्र त्यांचं लक्ष गेलं नाही.

तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेली आणि तेराव्या दिवशी वर आली, असं आपली परंपरा सांगते. काही अभ्यासक याचा उलगडा असा करतात की वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या तोंडी होते, संताजी जगनाडे यांच्यासारख्यांच्या लेखणीत होते. अनेक हात आणि अनेक गळे एवढंच संरक्षण टिंबक्टूच्या पोथ्यांनाही होतं.

याची उलटी बाजू पुण्याने पाहिली आहे. ५ जानेवारी २००४ रोजी एका पुस्तकाच्या वादातून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला. पोथ्या आणि ग्रंथ फेकले गेले, फाडले गेले. सुट्या पानांची पोथी एकदा विस्कटली की शेजारच्या पोथीत मिसळते, आणि ती पुन्हा लावायला त्या विषयाचा जाणकार लागतो. जमावाची काही मिनिटं, जाणकारांची कित्येक वर्षं.

## फोटो काढून ठेवले की झालं का?

प्रत हवीच. अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या हिल संग्रहालयाच्या मदतीने बामाकोत पोथ्यांचे डिजिटल फोटो काढण्याचं मोठं काम झालं. पण फोटोत सगळं येत नाही. टिंबक्टूचा पुष्कळ कागद युरोपातून वाळवंट ओलांडून आलेला आहे. पान उजेडापुढे धरलं की तीन चंद्रकोरींसारखी पाणखूण (वॉटरमार्क) दिसते आणि कागद कुठल्या काळातला हे ठरवता येतं. साध्या फोटोत ती दिसत नाही. बांधणी, चामड्याचं वेष्टण, शाईचा थर हेही हातातच कळतं.

बामाकोत नवाच शत्रू भेटला, दमट हवा. टिंबक्टूत वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बामाकोत त्याच्या सुमारे पाचपट. वाळवंटात कोरड्या राहिलेल्या कागदाने ओल शोषली की बुरशी धरते. काही शायांत लोहाचा अंश असतो. ओल मिळाली की अशी शाई कागद खात जाते, आणि शेवटी अक्षरांच्या जागी अक्षरांच्याच आकाराची भोकं उरतात. वर ट्रंका पत्र्याच्या, हवा न खेळणाऱ्या. जीव वाचवणारी पेटी जास्त दिवस राहिली तर तीच घातक ठरते. २०२५ ची परतपाठवणी याच कारणाने झाली.

दुरुस्तीचं काम संथ असतं. आधी मऊ ब्रशने धूळ झाडायची, मग प्रत्येक पोथीची लांबी, रुंदी, जाडी मोजायची, त्या मापाचा आम्लरहित पुठ्ठ्याचा डबा कापायचा, क्रमांक द्यायचा, नोंद करायची आणि त्यानंतर फोटो. क्रम महत्त्वाचा. नोंदीआधी फोटो काढले तर हजारो चित्रं हाती येतात आणि कोणतं पान कुठल्या पोथीचं हे कळत नाही.

हे आपल्याही कामाचं आहे. कितीतरी घरांत मोडी कागद, कीर्तनाच्या वह्या, जात्यावरच्या ओव्यांची बाडं पडून आहेत. त्यांना चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक कागदात मुरतो आणि पिवळा पडतो. लॅमिनेशन तर कधीच नको, ते परत काढता येत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडाचं बासन चांगलं. जुने लोक दप्तरं रुमालांत बांधत ते उगाच नाही. पानं वेगळी करण्याआधी आहे तशा क्रमाने फोटो काढा, मागच्या कोऱ्या बाजूंसकट. प्रती निदान तीन घरांत ठेवा.

## मातीच्या भिंती पुन्हा कशा उभ्या राहिल्या?

टिंबक्टूच्या वास्तू मातीच्या आहेत आणि त्यातच त्यांची गंमत आहे. मातीची इमारत ‘बांधून झाली’ असं कधी होत नाही. चिकणमाती आणि वाळूत भाताचं तूस किंवा भुसा मिसळून गारा भिजत ठेवतात. तो मुरला की पावसाळ्याआधी हातांनी भिंतीला लिंपतात. मशिदीच्या भिंतीतून बाहेर डोकावणारे लाकडी ओंडके लिंपणाऱ्यांची कायमची परांची असतात. मराठवाडा-खानदेशात धाब्याच्या घरावर पांढरी माती टाकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

भुसा नसला तर माती वाळताना तडकते. गारा न मुरवता लावला तर पहिल्याच पावसात धुपतो. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे टिकाऊपणासाठी वरून सिमेंटचा गिलावा. सिमेंट आतली ओल बाहेर पडू देत नाही, माती आतल्या आत भुसभुशीत होते आणि गिलाव्याचा पापुद्रा भिंतीचा तुकडा घेऊनच खाली येतो.

थडगी पुन्हा बांधायला मार्च २०१४ मध्ये सुरुवात झाली आणि जुलै २०१५ पर्यंत १४ उभी राहिली. युनेस्कोचा पैसा होता, पण हात टिंबक्टूच्या गवंडी घराण्यांचे. ही घराणी पिढीजात ठरावीक वास्तूंची देखभाल करतात. राडारोडा उपसून जुन्या भिंतींचा पाया शोधला, जुने फोटो पाहिले, वडीलधाऱ्यांना विचारलं की दार किती उंच होतं, कोनाडा कुठे होता. २०१६ च्या फेब्रुवारीत विधीपूर्वक ती थडगी पुन्हा पवित्र करण्यात आली.

‘मग ती अस्सल कशी?’ असा आक्षेप काही जण घेतात. दगडी लेण्याबाबत तो बरोबर ठरेल. पण दरवर्षी लिंपली जाणारी भिंत तशीही शंभर वर्षांत शंभर वेळा नवी झालेली असते. तिचं अस्सलपण गवंड्याच्या हातात आणि लिंपणाच्या दिवशी गोळा होणाऱ्या गावात असतं. पाडणाऱ्यांनी भिंती पाडल्या, ते कसब त्यांच्या हाती लागलं नाही. उद्या गवंड्यांची पोरं शहरात हमालीला गेली तर मात्र एकही पहार न उचलता हे सगळं जाईल, आणि तो धोका मला जास्त खरा वाटतो.

## गाण्यावर बंदी घातली तर काय बिघडतं?

मालीत गाणं ही करमणूक आहेच, शिवाय ते कामाचं साधन आहे. ‘ग्रिओ’ नावाचे पिढीजात गायक वंशावळी पाठ ठेवतात, राजा सुंद्याताची कथा गातात, बारसं-लग्नात घराण्याचा इतिहास सांगतात, भांडणात मध्यस्थी करतात. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी बैलावरून येऊन घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतात, आणि शाहीर पराक्रम गातो. ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे आहेत अशी कल्पना केली की ग्रिओ कळतो. त्याचं तोंड बंद केलं की समाजाचं दप्तरच बंद होतं.

२०१२ मध्ये उत्तरेत रेडिओवरची गाणी थांबली, मोबाइलच्या गाण्यांच्या रिंगटोनवर बंदी आली, वाद्यं जाळली गेली. टिंबक्टूच्या परिसरात घडलेल्या लाडक्या गायिका खैरा आर्बी यांना बामाकोला निघून जावं लागलं. उत्तरेतून आलेल्या तरुणांनी बामाकोत ‘सोंघाय ब्लूज’ हा वाद्यवृंद उभा केला, तो पुढे जगभर गाजला. २०१३ च्या सुरुवातीला गायिका फातूमाता द्यावारा यांनी चाळीसहून अधिक मालीयन कलाकारांना एका शांततेच्या गाण्यासाठी एकत्र आणलं. या कलाकारांच्या भाषा आणि जमाती वेगवेगळ्या होत्या. उत्तरेतल्या बंडानंतर राजधानीत गोऱ्या कातडीच्या तुआरेगांकडे संशयाने पाहिलं जात होतं, त्या दिवसांत हे गाणं आलं.

इथेही अपयश आहे. २००१ पासून वाळवंटात भरणारा मोठा संगीत महोत्सव जानेवारी २०१२ मध्ये टिंबक्टूत शेवटचा झाला. त्यानंतर तो तिथे परत भरू शकलेला नाही. उघड्या माळावर, ठरलेल्या तारखेला, हजारोंची गर्दी हवी असणारी कला सर्वांत आधी मोडते. बारशाला अंगणात गाणारी बाई टिकते.

## कला नेहमी चांगल्याच बाजूला असते का?

नाही. कट्टर गटही गाणी, चलचित्रं, कविता भरपूर वापरतात. वाद्यांना बंदी घालणारे जिहादी गट वाद्यांशिवाय गायलेल्या, ठेक्याच्या समूहगीतांवर पोरं भरती करतात. रवांडात १९९४ च्या नरसंहाराच्या काळात लोकप्रिय गायक सिमॉन बिकिंदी यांची आधी रचलेली गाणी द्वेषाच्या रेडिओवरून पुन्हा पुन्हा वाजवली गेली. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्यांना १५ वर्षांची शिक्षा दिली, पण ती गाण्यांबद्दल नव्हती. गाडीवरच्या कर्ण्यातून हत्येला चिथावल्याबद्दल होती. कला हत्यारासारखी कुणाच्याही हातात चालते.

त्याच रवांडात २००४ पासून ‘मुसेकेवेया’ नावाची रेडिओ मालिका सुरू झाली. अर्थ ‘नवी पहाट’. समोरासमोरच्या टेकड्यांवरची दोन काल्पनिक गावं, मधल्या सुपीक जमिनीवरून वाद, चिथावणारे पुढारी, आणि त्या दोन गावांतल्या तरुण-तरुणीचं प्रेम. हुतू आणि तुत्सी या खऱ्या जमातींची नावं एकदाही नाहीत, पण ऐकणाऱ्याला सगळं कळतं. सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ पॅलक यांनी वर्षभर त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. काही वस्त्यांना ही मालिका ऐकवली, काहींना आरोग्यावरची दुसरी मालिका.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चकित करणारा होता. ऐकणाऱ्यांची मनातली मतं फारशी बदलली नाहीत. बदललं ते ‘आपल्या गावात काय चालतं’ याविषयीचं त्यांचं आकलन, आणि त्याबरोबर त्यांचं वागणं. शेवटी प्रत्येक गटाला कॅसेट आणि टेपरेकॉर्डर भेट दिला. आरोग्याची मालिका ऐकलेले गट बहुधा म्हणाले, गावच्या अधिकाऱ्याकडे ठेवू. मुसेकेवेया ऐकलेल्यांनी आपसांत वाद घातला आणि सगळ्यांनी मिळून सांभाळायचं ठरवलं. वरच्याला न विचारता मतभेद बोलून दाखवणं ही नरसंहार पाहिलेल्या देशात लहान गोष्ट नाही.

पथनाट्य किंवा मालिका करणाऱ्यांनी यातून काही नेमकं उचलावं. मालिका एकट्याने हेडफोन लावून ऐकण्यापेक्षा गटाने ऐकणं जास्त गुणकारी वाटतं, कारण शेजारी हसला की रडला हे दिसतं. एकाच प्रयोगातून फार होत नाही, वर्षभर परत परत यावं लागतं. पात्र हळूहळू बदललं तर प्रेक्षक त्याच्याबरोबर चालतो, शेवटच्या पाच मिनिटांत पालटलं तर हसतो. आणि खलनायक परग्रहावरून आल्यासारखा रंगवला तर ‘आपण त्यातले नाही’ म्हणून प्रेक्षक निर्धास्त घरी जातो.

## माणसं मरत असताना कागदांची काळजी?

टिंबक्टू २८ जानेवारी २०१३ रोजी सुटलं ते फ्रेंच आणि मालीच्या सैन्यामुळे, कोणत्याही गाण्यामुळे नाही. कला बंदूक थांबवत नाही, तसा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. सैन्याने शहर मोकळं केलं, पण मोकळ्या शहरात परत काय सुरू करायचं हे सैन्याला माहीत नव्हतं. ते गवंड्यांना, इमामांना, ग्रिओंना आणि ट्रंका सांभाळणाऱ्या घराण्यांना माहीत होतं. जीव आणि कागद यांतून निवड करायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती, कारण ट्रंका नेणारे आपला जीवच पणाला लावत होते.

मालीत शांतता आजही नाही. अल कायदाशी जोडलेले गट उत्तरेत आणि मध्य भागात पसरलेले आहेत, आणि अलीकडे त्यांनी राजधानीकडे जाणारे इंधनाचे टँकर अडवले. त्यामुळे २०२५ मध्ये परत गेलेल्या पोथ्यांबद्दल दोन मतं आहेत. काहींच्या मते ओलीपेक्षा बंदूक जास्त धोक्याची, आणि परत पाठवण्याची घाई झाली. इतरांच्या मते कागद कुजत ठेवणं हाही नाशच. परत गेलेल्या पोथ्या सरकारी संस्थेच्या आहेत. खासगी घराण्यांना आपापल्या ट्रंकांचा निर्णय अजून घ्यायचा आहे, आणि टिंबक्टूत पुढच्या पावसाळ्याआधी थडग्यांना नेहमीप्रमाणे लिंपण लागणार आहे.